स्त्री-अभ्यासाचा पहिला पेपर कुणी लिहिला?

स्त्री-अभ्यासाच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. रेघेच्या डाव्या टोकाला आकडा लिहिला, १९७४. म्हणाल्या, इथून आपला विषय सुरू होतो. आम्ही सगळ्यांनी वह्यांत तशीच रेघ मारली. मीही मारली. कुणी विचारलं नाही, की रेघेच्या डावीकडं जी कोरी जागा राहिली तिथं काय होतं.

मी कामठीची. माझी आजी जन्मभर विड्या वळत होती. सट्टेदाराकडून पत्ता आणि तंबाखू आणायचा, हजाराच्या हिशेबानं विड्या वळून द्यायच्या, त्यातल्या किती तो छाटून फेकील याची धाकधूक घेऊन घरी यायचं. अशा बाईची नात विद्यापीठात बायांविषयीचं शास्त्र शिकायला गेली. विद्यापीठाचं नाव कशाला घेऊ? सगळीकडं रेघ तीच आहे.

रेघ खोटी नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. १९७१ साली केंद्र सरकारनं बायांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या अखेरीला त्या समितीचा अहवाल आला. स्वातंत्र्याला पाव शतक उलटून गेलं तरी बायांची हालत सुधारायच्या ऐवजी कित्येक बाबतीत घसरली, हे त्यानं सरकारच्याच कागदावर लिहून दिलं. त्याच साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. १९८१ साली त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८२ साली अखिल भारतीय संघटना झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं या विषयाला सरकारी मान्यता दिली आणि अनुदान आयोगाच्या पैशानं विद्यापीठांत केंद्रं निघाली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. हे काम मोठं आहे. ते ज्यांनी केलं त्यांनी घाम गाळला आहे. आम्ही आज त्या वर्गांत बसतो ते त्यांच्यामुळंही.

पण बाप्पा, डावीकडच्या कोऱ्या जागेचं काय?

ती जागा आपणच भरू. १८५५ पासून सुरुवात करू. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मांगाची एक पोर शिकत होती. मुक्ता तिचं नाव. तीन वर्षं शिकली आणि तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’मध्ये तो छापून आला. तिनं विचारलं, की वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता? त्याच निबंधात तिनं बाळंत होणाऱ्या मांगिणी-महारणींचं लिहिलं. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर पाऊस-थंडी, आणि त्यात ती बाई बाळंत होते. मुक्ताला कुणी सांगितलं नव्हतं की धर्माचं एका प्रकरणात लिही आणि बाईचं दुसऱ्या प्रकरणात. तिला दोन्ही एकाच जागी दिसलं, कारण दोन्ही एकाच अंगावर पडत होतं. पुढं विद्यापीठांना हेच शिकायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली.

त्यानंतर १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक विद्यार्थी आहे. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती आहे, महिना साडेअकरा पौंड. त्यात पोट मारून पुस्तकं घेतो. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात तो एक पेपर वाचतो. विषय भारतातल्या जाती, त्यांची रचना, उगम आणि विकास. विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. वय पंचवीस.

हा पेपर आम्ही जयंतीला फोटोसारखा मिरवतो. वाचतो किती? त्यात बाबासाहेबांनी दाखवलं, की जातीचा गाभा जातीतच लग्न करण्यात आहे. आता जातीतच लग्नं लावायची म्हटली तर जातीतल्या बाया आणि पुरुष यांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई शिल्लक राहते. ती जातीबाहेर जाऊ शकते, किंवा जातीतल्या दुसऱ्या पोरीचा नवरा घेऊ शकते. दोन्ही जातीला परवडत नाही. मग तिला चितेवर जाळा. जाळता येत नसेल तर जन्मभर विधवा ठेवा. शिल्लक राहिलेल्या पुरुषाचं काय? त्याला जाळता येत नाही, तो मालक. मग त्याच्यासाठी खालच्या वयाची पोर आणा. सती, सक्तीचं वैधव्य, पोरींची बाललग्नं. या तिन्ही चाली म्हणजे जात टिकवायची यंत्रणा आहे, असं त्या विद्यार्थ्यानं मांडलं. बायांवरचा ताबा सुटला की जात सुटते.

मला सांगा, याला स्त्री-अभ्यास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? त्या वेळी हा शब्द नव्हता. विभाग नव्हता. हा पेपर पदवीसाठी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला पेपर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या, खानावळीच्या बिलाचा हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्यानं वर्गात मांडलेलं शास्त्र शंभर वर्षं टिकतं, याचा हा पुरावा आहे. तरीही स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमात हा पेपर यायला नवं शतक उजाडावं लागलं. आणि आमच्या चळवळीनं त्यातली जात घेतली, बाई सोडून दिली. दोष दोघांचाही आहे.

आता माझ्या गावाजवळचं सांगते. जाईबाई चौधरी. नागपूर-कामठीच्या रेल्वेवर ओझी वाहिलेली बाई. हमाली करता करता शिकली आणि आपल्या पोरींसाठी नागपुरात शाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. बायांच्या उद्धाराची भाषणं झाली. जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं. बायांची एकजूट पंगतीपर्यंतही पोचली नाही. आमच्या बायांनी त्याचा जाहीर निषेध केला.

पुढं १९४२ च्या जुलैत नागपुरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या. बाबासाहेब बोलले. पण बाबासाहेब बोलले एवढंच आम्ही लक्षात ठेवलं. बायांनी ठराव केले ते विसरलो. बाईला काडीमोडीचा हक्क पाहिजे. एकाहून जास्त बायका करण्याविरुद्ध कायदा पाहिजे. गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना कामाच्या बऱ्या अटी पाहिजेत. आमच्या पोरींसाठी वसतिगृहं पाहिजेत. हिंदू कोड बिल संसदेत यायच्या कितीतरी आधी विड्या वळणाऱ्या बाया हे मागत होत्या.

माझी आजी त्या परिषदेला गेली होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. कामठीहून बायांच्या घोळक्यात पायी गेली, भाकरी बांधून. कामठी म्हणजे बाबू हरदासांचं गाव. विडी कामगारांची संघटना त्यांनीच बांधली, ‘जयभीम’ घातला तो त्यांनीच. १९३९ साली पस्तिसाव्या वर्षी ते गेले, पण बायांच्या अंगात ते वारं होतंच. मी शिकत असताना आजी पंच्याहत्तरीच्या घरात होती. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि ठरवलं की प्रबंधिका यावरच लिहायची.

मार्गदर्शकांना विषय सांगितला. म्हणाले, छान आहे, पण आधार काय? म्हटलं, आजी आहे. म्हणाले, छापील आधार काय?

ग्रंथालयात शोधता शोधता एक पुस्तक हाताला लागलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. दोघी विद्यापीठातल्या प्राध्यापिका नव्हत्या. ऊर्मिलाताई सरकारी कचेरीत नोकरी करत होत्या. दोघींनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायांना गाठलं, त्यांच्याकडून ऐकलं, जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा इतिहास उभा केला. जाईबाईंच्या पंगतीची गोष्ट मी त्यात वाचली. १९४२ ची परिषद त्यात होती. मी ते पान मार्गदर्शकांपुढं ठेवलं तेव्हा माझी आजी खरी ठरली. आजी पायी गेली होती हे खरं व्हायला कागद लागला. तो कागद दोन बायांनी तयार करून ठेवला होता म्हणून माझं निभावलं. ज्या पोरीच्या आजीसाठी असा कागद नाही, तिनं काय करायचं?

इथं परदेशाचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण आमची कहाणी तिकडं आधी घडून गेली होती. अमेरिकेत स्त्री-अभ्यासाचा पहिला विभाग १९७० साली सॅन डिएगोच्या सरकारी कॉलेजात निघाला. विद्यार्थिनींनी आणि शिक्षिकांनी भांडून मिळवला. पण त्या वर्गात ‘बाई’ म्हणजे गोरी बाई. आणि काळ्यांच्या अभ्यासाच्या वर्गात ‘काळा’ म्हणजे काळा पुरुष. काळी बाई दोन्हीकडं पाहुणी. १९७७ साली बॉस्टनच्या काळ्या बायांनी, कॉम्बाही नदीचं नाव घेतलेल्या गटानं, आपलं निवेदन काढलं. १९८२ साली हल, स्कॉट आणि स्मिथ या तिघींनी एक पुस्तक संपादित केलं. त्याच्या नावाचा अर्थच असा, की बाया म्हटल्या की सगळ्या गोऱ्या, काळे म्हटले की सगळे पुरुष, आणि तरी आमच्यातल्या काहीजणी शूर आहेत. आमच्या पँथरनं १९७२ साली काळ्या पँथरचं नाव घेतलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित शब्दाच्या व्याख्येत बाया घातल्या. फार मोठी गोष्ट केली. पण मंचावर कोण होतं? अंक कोण काढत होतं? घरी भाकरी कोण थापत होतं? काळ्या बायांचा धडा आम्ही घेतला नाही.

तो घेतला आत्मकथनं लिहिणाऱ्या बायांनी. कुमुद पावडेंचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं. नागपूरची महाराची पोर संस्कृत घेऊन एम.ए. होते. ज्या भाषेचा शब्द कानावर पडला तर शिसं ओतायचं, त्या भाषेत उत्तम मार्क मिळवते. कौतुक खूप झालं, नोकरी काही मिळेना. लग्न होऊन आडनाव बदललं, पावडे झालं, तेव्हा नोकरी मिळाली. बाईनं स्वतःच विचारलं आहे, की नोकरी मला मिळाली की आडनावाला? पदवी घेऊन बसलेल्या आजच्या पोरीनं हे वाचावं. मुलाखतीत आधी आडनाव विचारतात आणि मग विषय, हे तिला नवीन नाही. त्यानंतर १९८६ साली बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळेंचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपानं आलं. या बायांनी गावकी-भावकीचं लिहिलं तसं घरातल्या मारहाणीचंही लिहिलं. बेबीताईंनी तर आपलं लिखाण कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं.

विद्यापीठ हलायला १९९५ उजाडलं. त्या साली दलित बायांची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र संघटना झाली. त्याच साली गोपाळ गुरूंनी लिहिलं, की दलित बाया वेगळं बोलतात आणि त्याला कारण आहे. सवर्ण बायांची चळवळ त्यांना धरत नाही, दलित पुरुषांचं पुढारपण त्यांना बोलू देत नाही. १९९६ साली चंद्रपूरच्या परिषदेत आमच्या बायांनी २५ डिसेंबर हा भारतीय स्त्री-मुक्ती दिन म्हणून पाळायचं ठरवलं. महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली तो दिवस. १९९८ साली शर्मिला रेगेंनी चर्चा पुढं नेली. त्या दलित नव्हत्या. त्यांनी आपल्याच चळवळीला सुनावलं, की तुम्ही बाईपण सवर्ण करून टाकलं आणि दलितपण पुरुषी करून टाकलं. वेगळेपण मान्य करून हात झटकू नका, दलित बाईच्या जागेवरून सगळ्यांनीच जग बघायला शिका. यावर वाद झाला. सवर्ण बाईनं आमच्या जागेवर उभं राहायचं म्हणजे आमची जागा घ्यायची का, असं आमच्यातल्या कित्येकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, तो अजून मिटलेला नाही. पण पुण्याच्या त्या केंद्रात आधी विद्युत भागवत आणि मग रेगे यांनी फुले-आंबेडकर अभ्यासक्रमात आणले हे नाकारता येत नाही. २००६ साली रेगेंनी आमच्या बायांच्या आत्मकथनांवर पुस्तक केलं. २०१३ साली बाबासाहेबांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरच्या लिखाणाचं पुस्तक केलं, त्यात १९१६ चा पेपरही. त्याच वर्षी १३ जुलैला त्या गेल्या.

फळ्यावरची रेघ डावीकडं सरकली ती अशी. आपोआप कुणी सरकवली नाही.

आता या वर्गात बसणाऱ्या पोरीचं जिणं बघा. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. मराठीत केलेलं असतं. इथं वाचायचं सगळं इंग्रजीत. आपल्याच बायांनी मराठीत सांगितलेलं इंग्रजीतून वाचून, पुन्हा मराठीत समजून, परीक्षेत लिहायचं. वसतिगृहाच्या खोलीत तिघी-चौघी. शिष्यवृत्ती मंजूर होते जूनमध्ये, हातात पडते मार्चमध्ये, तोवर खानावळीची उधारी. २००५-०६ पासून आमच्या पोरापोरींना संशोधनासाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. तिच्यामुळं कित्येकजणी पीएच.डी.पर्यंत पोचल्या, हे छातीठोक सांगते. पण तीही सहा-सहा महिने तुंबते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुलानं जीव दिला. जाताना लिहिलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा हिशेब होता, पावणेदोन लाखांचा. मरताना पोरानं हिशेब लिहावा, एवढी ही रक्कम आमच्या घरांसाठी मोठी असते. शिवाय घरून फोन येतो, पोरी, वय वाढून राहिलं. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा स्त्री-अभ्यासाच्या केंद्रांपुढंच प्रश्न उभा राहिला, की पुढं पैसा येणार का. मी शिकत असलेला विषयच उद्या राहील का, ही काळजी दुसऱ्या कुठल्या वर्गातल्या पोरांना असते?

आणि तरी पोरी शिकतात. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक पुण्यात एम.ए. झाल्या, इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात २००७ साली डॉक्टर झाल्या, अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २०१४ साली त्यांनी दलित बायांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, २०२२ साली तमाशातल्या बायांवर. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आठ लाख डॉलरची. पेपरांनी आकडा छापला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिक्षणावरचं ते पुस्तक आमच्या बायांच्या मुलाखतींवर उभं आहे. ज्या बायांना शाळेत मागं बसवलं, त्यांच्या सांगण्यावर.

मुलाखतींवरून माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची राहिली. सांगू नये असं वाटत होतं.

प्रबंधिका लिहिताना नियम होता, की बोलणाऱ्या बाईचं नाव द्यायचं नाही, क्रमांक द्यायचा. नियम चांगल्यासाठी असतो. गावात राहणाऱ्या बाईनं पाटलाविषयी काही सांगितलं तर तिचं नाव झाकलंच पाहिजे. मीही विचार न करता सगळ्या बायांना क्रमांक दिले. अकराजणी होत्या. माझी आजी झाली ‘प्रतिसादक क्रमांक ७’. छापून, बांधून घरी आणली. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं पानं उलटली, विचारलं, माह्यं नाव कुठी हाय? मी म्हटलं, आजी, नाव नसते टाकत, नंबर असते. ती हसली. म्हणाली, सट्टेदाराच्या वहीतबी माह्या नंबरच व्हता, बाई.

मार्गदर्शकांनी छापील कागद मागितला म्हणून मी चिडले होते. आणि छापायची पाळी माझी आली तेव्हा मी आजीचं नाव पुसलं. १९४२ साली ती आपल्या पायानं नागपूरला गेली, आणि मी तिला परत सट्टेदाराच्या वहीत नेऊन बसवलं.

आजी गेल्यावर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. माझी प्रबंधिका काढली. क्रमांक ७ जिथं जिथं होता तिथं पेनानं तिचं नाव लिहिलं. ग्रंथालयाच्या नियमात हा गुन्हा आहे. दंड भरायला तयार आहे.

म्हणून पोरींनो, आज जिथं कुठं तुम्ही या विषयाच्या वर्गात बसला आहात, तुम्हाला एवढंच सांगणं. फळ्यावर रेघ मारतील, ती वहीत उतरवा, पण डावीकडं जागा सोडा. मुक्ता तिथं लिहा, १९१६ चा पेपर तिथं लिहा, जाईबाईंची पंगत तिथं लिहा. आणि आपल्या आया-आज्यांकडं वही घेऊन जाल तेव्हा आधी विचारा, की बाई, तुझं नाव लिहू की झाकू? ती सांगेल तसं करा. तिला विचारल्याशिवाय तिला नंबर देऊ नका.

जयभीम.